एका डॉलरचा करार आणि आजीची मशेरी

१.
मंडळी, आजचा धागा एका छायाचित्राविषयी आहे. तारीख २३ सप्टेंबर १९७०. स्थळ अमेरिकेच्या टेक्सस राज्यातील ह्यूस्टन. चार स्त्रिया मागे उभ्या आहेत, पाच पुढे बसल्या आहेत आणि हातांत एक-एक डॉलरच्या नोटा उंच धरल्या आहेत. चेहऱ्यांवर हसू आहे. स्त्रियांच्या व्यावसायिक टेनिसचा आरंभ सांगताना हे चित्र हमखास दाखवले जाते. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या मला या चित्राने दोनदा खजील केले. त्या दोन्ही वेळांची ही हकीकत.

२.
पहिली वेळ एम.ए.च्या वर्गातली. 'छायाचित्र हे इतिहासाचे साधन' या विषयावर मला निबंध वाचायचा होता. मी हे चित्र पडद्यावर लावले आणि म्हटले, "या त्या नऊ खेळाडू." आमच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "एकेकीवर बोट ठेवून नाव सांग बरं." मी सुरुवात केली. उभ्या असलेल्या व्हॅलेरी झीगनफस, बिली जीन किंग, नॅन्सी रिची, पीचेस बार्टकोविच. बसलेल्या ज्युडी डाल्टन, केरी मेलव्हिल, रोझी कासाल्स, क्रिस्टी पिजन. आठ झाल्या. नववीवर बोट ठेवले आणि नाव जुळेना.

३.
कारण नववी स्त्री खेळाडू नव्हतीच. त्या होत्या ग्लॅडिस हेल्डमन, 'वर्ल्ड टेनिस' या मासिकाच्या संस्थापक-संपादक. नववी खेळाडू ज्युली हेल्डमन ही त्यांचीच मुलगी. ती दुखापतग्रस्त होती. बाकीच्यांच्या पाठीशी राहण्यासाठी तीही या गटात आली, पण चित्रात ती नाही. नऊ खेळाडू हे खरे, चित्रात नऊ स्त्रिया हेही खरे. तरी चित्र त्या नऊ जणींचे नाही. मी केवळ बेरीज जुळली म्हणून नावे तपासली नव्हती. बाई एवढेच म्हणाल्या, "आकडा जुळला की आपण निर्धास्त होतो, नाही का?"

४.
आता पार्श्वभूमी. १९६८ च्या एप्रिलपर्यंत टेनिसच्या मोठ्या स्पर्धा कागदोपत्री हौशी खेळाडूंसाठीच होत्या. त्या महिन्यात इंग्लंडमधील बोर्नमथ येथे हौशी आणि व्यावसायिक प्रथमच एकत्र खेळले आणि 'ओपन' युग सुरू झाले. पडद्याआड दिले जाणारे पैसे उघडपणे बक्षीस म्हणून मिळू लागले. पैसे उघड झाले, तशी तफावतही उघड झाली. त्याच वर्षी विम्बल्डनला पुरुष एकेरीचा विजेता रॉड लेव्हर याला २,००० पौंड मिळाले. महिला एकेरीची विजेती बिली जीन किंग हिला ७५० पौंड.

५.
पुढे दरी रुंदावतच गेली. १९७० मध्ये इटलीची स्पर्धा जिंकून किंगने ६०० डॉलर मिळवले. पुरुष विजेता इली नास्तासे याला ३,५०० मिळाले. त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये पुरुष विजेत्याला २०,००० डॉलर होते, महिला विजेतीला ७,५००. आणि मग लॉस एंजलिसच्या पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेची जाहीर झालेली रक्कम आली: पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर, महिला विजेतीला १,५००. म्हणजे आठ पटींहून अधिक फरक. या स्पर्धेचे सूत्रधार होते जॅक क्रेमर, स्वतः एकेकाळचे विम्बल्डन विजेते.

६.
किंग, कासाल्स आणि रिची यांनी ग्लॅडिस हेल्डमन यांच्याकडे धाव घेतली. हेल्डमन यांनी क्रेमर यांच्याशी बोलून पाहिले. ते बधले नाहीत. इथे दोन वाटा होत्या. एक, लॉस एंजलिसच्या स्पर्धेवर बहिष्कार टाकून निषेधाचे पत्रक काढावे. दुसरी, त्याच आठवड्यात स्वतःची स्पर्धा भरवावी. हेल्डमन यांनी दुसरी वाट धरली. ह्यूस्टन रॅकेट क्लबमध्ये फक्त स्त्रियांची एकेरी स्पर्धा ठरली. बक्षिसांसाठी ५,००० डॉलर उभे राहिले.

७.
अमेरिकेच्या लॉन टेनिस संघटनेने या स्पर्धेला मान्यता नाकारली. मान्यतेशिवाय खेळलात तर निलंबन, असा इशाराही मिळाला. निलंबन म्हणजे देशाच्या संघातून वगळले जाणे, क्रमवारीतून नाव जाणे आणि कदाचित मोठ्या स्पर्धांची दारे बंद होणे. तोवर आयुष्यात दुसरे काही शिकलेच नाही, अशा मुलींसाठी ही धमकी लहान नव्हती. त्यांतली सर्वांत धाकटी क्रिस्टी पिजन २० वर्षांची होती. थोरली ज्युडी डाल्टन ३२ वर्षांची. बहुतेक जणी आज मी ज्या वयाची आहे त्याच्या आसपासच्या.

८.
यावर हेल्डमन यांनी जो तोडगा काढला, त्यात तो एक डॉलर आहे. प्रत्येक खेळाडूने 'वर्ल्ड टेनिस' मासिकाशी एक डॉलर मोबदल्यावर करार केला. आता ती हेल्डमन यांच्याशी करारबद्ध झालेली व्यावसायिक खेळाडू ठरली. संघटनेच्या परवानगीची वाट न पाहता पैशांसाठी खेळायला ती मोकळी झाली आणि संघटनेच्या रोषाला पात्रही. डॉलर एकच का? करार कायद्याने टिकायचा तर काहीतरी मोबदला असावा लागतो. तो किती, हा प्रश्न पुढचा. आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्यातही मोबदल्याचे हेच तत्त्व आहे.

९.
म्हणून छायाचित्रातील त्या नोटेकडे केवळ प्रतीक म्हणून पाहू नये. ती नोट हे कायद्याचे हत्यार होते. घोषणा देऊन संघटना हलली नसती. करारामुळे मात्र 'तुम्ही आमच्या अखत्यारीत आहात' हे संघटनेचे गृहीतकच डळमळले. चळवळींचा इतिहास वाचताना आपण भाषणे आणि मोर्चे आठवणीत ठेवतो. पावत्या, करारनामे आणि जमाखर्चाच्या वह्या बाजूला सारतो. पुष्कळदा निकाल त्या वह्यांतच लागलेला असतो.

१०.
त्या नऊ जणींत सात अमेरिकन होत्या, दोघी (डाल्टन आणि मेलव्हिल) ऑस्ट्रेलियन. त्या वर्षी चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारी मार्गारेट कोर्ट त्यांत नव्हती. अनेक नामवंत खेळाडू कुंपणावर थांबल्या. हे मी दोष म्हणून सांगत नाही. आज आपल्याला शेवट ठाऊक आहे, म्हणून नऊ जणींचे धैर्य स्वाभाविक वाटते. त्या सकाळी तो शेवट कोणालाच ठाऊक नव्हता.

११.
स्पर्धेचा निकालही गंमतीचा आहे. या बंडाचा चेहरा असलेली किंग पहिल्याच फेरीत डाल्टनकडून हरली. अंतिम सामना कासाल्स आणि डाल्टन यांच्यात झाला. कासाल्सने पहिला सेट गमावला, पण सामना ५-७, ६-१, ७-५ असा जिंकला. एल साल्वाडोरहून अमेरिकेत आलेल्या कुटुंबातली ही मुलगी नुकतीच २२ वर्षांची झाली होती. तिला १,६०० डॉलर मिळाले. लॉस एंजलिसच्या विजेतीसाठी ठेवलेल्या रकमेपेक्षा हे फक्त १०० डॉलरनी अधिक होते. संघटनांनी निलंबनाचा इशाराही खरा केला.

१२.
इथपर्यंतची गोष्ट मी वर्गात आवेशाने सांगितली. मग एका वर्गमित्राने विचारले, "स्पर्धेचे नाव काय होते?" मी सांगितले, 'व्हर्जिनिया स्लिम्स इन्व्हिटेशनल'. तो म्हणाला, "ही व्हर्जिनिया कोण?" वर्ग हसला, मीही हसले. पण उत्तर देताना माझा आवाज खाली गेला. ती कोणी बाई नव्हे. ती सिगारेट आहे. मी खजील झाले ती ही दुसरी वेळ.

१३.
फिलिप मॉरिस या कंपनीने १९६८ मध्ये खास स्त्रियांसाठी ही सडपातळ सिगारेट बाजारात आणली होती. जाहिरातींचा आशय असा, की पूर्वी बायकांना चोरून ओढावे लागे. आता तुम्ही किती पुढे आला आहात पाहा. स्त्रीमुक्तीची भाषाच वेष्टनावर चढवलेली होती. कंपनीचे प्रमुख जोसेफ कलमन टेनिसप्रेमी होते आणि हेल्डमन यांच्या परिचयाचे. त्यांनी ह्यूस्टनच्या बक्षिसात २,५०० डॉलरची भर घातली. एकूण रक्कम ७,५०० झाली आणि स्पर्धेला सिगारेटचे नाव मिळाले.

१४.
आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. १ एप्रिल १९७० रोजी अमेरिकेत एका कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली. त्यानुसार २ जानेवारी १९७१ पासून रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. ह्यूस्टनची स्पर्धा नेमकी या दोन तारखांच्या मध्ये झाली. जाहिरातीचा पैसा नवी वाट शोधणार होता. स्त्रियांचे टेनिस पैसा शोधत होते. १९७१ मध्ये याच नावाची स्पर्धांची अख्खी मालिका अमेरिकेतील शहरांतून फिरू लागली आणि त्या वर्षी किंग एका वर्षात १ लाख डॉलरहून अधिक कमावणारी पहिली महिला क्रीडापटू ठरली.

१५.
आणि आता माझ्या घरी यावे लागेल, कारण माझा आवाज खाली का गेला ते तिथेच कळते. आमचे गाव दक्षिण महाराष्ट्रातले, तंबाखूच्या पट्ट्यातले. माझी आजी पहाटे चुलीपुढे बसून मशेरी लावायची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, तिची पूड करतात आणि ती बोटाने दातांना, हिरड्यांना घासतात. आजीला कोणी जाहिरात दाखवली नव्हती. तिच्या सासूने लावली, म्हणून तिने लावली. दिवसातला तेवढाच वेळ तिला कोणी काम सांगत नसे.

१६.
मी दहावीत असताना तिच्या गालाच्या आत एक चट्टा आढळला. पुढे शस्त्रक्रियेत जबड्याचा एक भाग काढावा लागला. त्यानंतर ती पातळ भाकरीचा काला आणि ताक यांवर राहिली. बोलणे अस्पष्ट झाले. आम्ही घरचे तेवढे समजू शकत असू. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना ती गेली.

१७.
बी.ए.पासून आजवर माझे शिक्षण ज्या शिष्यवृत्तीवर झाले, ती देणारा न्यास तंबाखूच्या व्यापारातून उभा राहिलेला आहे. आमच्या भागात वसतिगृहे, वाचनालये, व्यायामशाळा पुष्कळदा अशाच पैशांतून झाल्या. न्यासाच्या लोकांनी मला कधी वाकडा शब्द बोलला नाही. दरवर्षी वेळेवर पैसे आले. पहिल्या वर्षी अर्ज भरताना माझा हात थांबला होता. आजीला ते कळले. मोजक्या, तुटक शब्दांत ती म्हणाली, "माझं तोंड खाल्लं त्यानं. तुझी फी तरी भरू दे की, बाय." मी सही केली.

१८.
म्हणून त्या नऊ जणींविषयी 'त्यांनी असा पैसा घ्यायला नको होता' असे वाक्य मी लिहू शकत नाही. लिहिले तर ते माझ्यावरच उलटते. शिवाय इतिहासाच्या दृष्टीनेही ते सोपे वाक्य आहे. त्यांना दुसरीकडून एवढा पैसा मिळत होता आणि त्यांनी तो नाकारला, असे घडलेले नाही. सन्मान्य मंडळी तेव्हा त्यांना आठव्या हिश्श्याहूनही कमी देऊ करत होती.

१९.
पण 'शेवट गोड झाला ना, मग सोडा' हे वाक्यही मला लिहिता येत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत एक संशोधन प्रसिद्ध झाले. स्त्रियांसाठीच्या सिगारेटची जाहिरातबाजी जोरात सुरू झाली, त्याच काळात अल्पवयीन मुलींमध्ये धूम्रपान सुरू करण्याचे प्रमाण झपाट्याने वाढल्याचे त्यात दिसले. १९८७ मध्ये अमेरिकन स्त्रियांच्या कर्करोग-मृत्यूंत फुप्फुसाच्या कर्करोगाने स्तनांच्या कर्करोगाला मागे टाकले. त्या स्त्रियांचे छायाचित्र कोणी काढले नाही. त्यांच्या हातांत नोटा नव्हत्या. वर्षअखेरीच्या अजिंक्यपद स्पर्धेवर मात्र सिगारेटचे ते नाव १९९४ पर्यंत राहिले.

२०.
दुसऱ्या रकान्यातही तितक्याच ठोस नोंदी आहेत. जून १९७३ मध्ये लंडनच्या एका हॉटेलात साठाहून अधिक खेळाडू जमल्या आणि महिला टेनिस संघटना, म्हणजे आजची डब्ल्यूटीए, स्थापन झाली; किंग तिची पहिली अध्यक्ष. त्याच वर्षी अमेरिकन ओपनने पुरुष आणि महिला विजेत्यांना सारखेच, २५,००० डॉलर दिले. विम्बल्डनला तेथवर पोहोचायला २००७ साल उजाडले. २०२१ मध्ये त्या नऊ जणींना आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये एकत्रित स्थान मिळाले. या वेळी नवव्या जागी ज्युली होती.

२१.
२०२५ च्या फेब्रुवारीत मी मुंबईला क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर डब्ल्यूटीएची स्पर्धा पाहायला गेले. कोइम्बतूरची १५ वर्षांची माया राजेश्वरन उपांत्य फेरीपर्यंत पोहोचली, तोच तो आठवडा. माझ्या शेजारी एक आई आपल्या लहान मुलीला गुण कसे मोजतात ते समजावत होती. पंधरा, तीस, चाळीस. मुलीने विचारले, "जिंकल्यावर हिला पैसे मिळतात?" आई म्हणाली, "मिळतात की." इतक्या सहज. मी सवयीने कोर्टाभोवतीच्या फलकांवरची नावे वाचू लागले. आपल्याकडे २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिरातीला आणि प्रायोजकत्वाला मनाई आहे. तसे नाव तिथे नव्हते.

२२.
त्या आईचे 'मिळतात की' हे उत्तर ह्यूस्टनहून आलेले आहे. त्या फलकांवर एक नाव नसणे हे मात्र दुसऱ्या लोकांच्या लढ्यातून आले: डॉक्टर, कायदे करणारे, आणि ज्यांच्या घरात कोणी गेले असे लोक. दोन्ही गोष्टी एकाच कोर्टावर मला दिसल्या, याचे मला त्या दिवशी बरे वाटले. एका लढ्याने दुसऱ्याचे देणे फेडले असे मात्र मी म्हणणार नाही. ते वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या किमतीत केलेले काम आहे.

२३.
माझा लघुप्रबंध याच स्पर्धेवर आहे. त्यात मी एक साधा नियम पाळला: जिथे जिथे बक्षिसाची रक्कम लिहिली, तिथे ती कोणी दिली हेही त्याच वाक्यात लिहिले, तळटीपेत ढकलले नाही. मार्गदर्शक बाईंनी मसुदा वाचून एकाच ठिकाणी खूण केली. छायाचित्राखाली मी पुन्हा 'नऊ खेळाडू' असे लिहिले होते. सवय लवकर जात नाही. आता तिथे 'आठ खेळाडू आणि ग्लॅडिस हेल्डमन' असे आहे. पुढे ज्युलीची अनुपस्थिती नोंदवली आहे.

२४.
गेल्या आठवड्यात ऋणनिर्देशाचे पान लिहिले. न्यासाचे पूर्ण नाव लिहिले, त्याचा पैसा कोणत्या व्यापारातून आला तेही एका वाक्यात लिहिले आणि आभार मानले. आभार खरे आहेत. त्याच्या खालच्या ओळीत आजीचे नाव, तिचा आजार आणि तिच्या मृत्यूचे वर्ष लिहिले. मैत्रीण म्हणाली, "हे ऋणनिर्देशात कशाला?" मी म्हटले, दोघांच्याही पैशांवर शिकले, म्हणून.

धागा इथे संपतो. जाताना एक विनंती: जुने सामूहिक छायाचित्र समोर आले, तर आधी एकेकीवर बोट ठेवून नाव विचारा. मग फलकावर कोणाचे नाव आहे ते पाहा.